टेनिस एल्बोची सुई: कधी घ्यावी, कशी देतात आणि नंतरचे तीन महिने

गेल्या इतक्या वर्षांत कोपर धरून माझ्याकडं आलेल्या माणसांत टेनिस खेळणारा एकच होता, आणि त्याचं दुखणं शेवटी खांद्याचं निघालं. बाकी सगळे कामकरी हात. वडगाव-खासबागचे यंत्रमागवाले, उद्यमबागेत लेथपाशी उभे राहणारे, थापी धरणारे गवंडी, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन म्हशी पिळणाऱ्या बायका, खानावळीत शेकड्यानं भाकरी थापणाऱ्या मावशी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुई मी देत नाही, ती डॉक्टर देतात. पण सुईच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे तीन महिने रुग्ण माझ्याकडं असतो. शिवाय उजव्या कोपरात ही सुई मी स्वतःही घेतली आहे. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

अलीकडं बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लोक येतात ते थेट विचारतात, "ताई, सोनोग्राफीत बघून ती सुई मारतात म्हणे, मारून घेऊ काय?" त्या प्रश्नाचं हे सविस्तर उत्तर.

आधी दुखण्याचं नाव पक्कं करा

हात कोपरात वाकवून तळहात जमिनीकडं करा. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्या टोकावर किंवा बोटभर पुढं दाबल्यावर "आई गं" होत असेल, तर संशय बरोबर आहे. आता भरलेला तांब्या तळहात खाली ठेवून वरून धरून उचला. मग तोच तळहात वर करून, खालून आधार देऊन उचला. पहिल्या वेळी कळ आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ काही नाही, असं असेल तर टेनिस एल्बोच बहुतेक. ओलं लुगडं पिळताना, स्कूटरचा ॲक्सिलरेटर फिरवताना, कुणी जोरात हात मिळवल्यावर कळ येणं ही याचीच भावंडं.

मनगट मागं उचलणारे स्नायू त्या हाडाच्या टोकाला एका जाड दोरीनं बांधलेले असतात. तिला कंडरा म्हणतात. आपल्याकडं सगळ्यालाच 'शीर' म्हणतात, पण ही रक्ताची शीर नव्हे आणि नसही नव्हे. मागवाल्यांना मी असं सांगते: ताण्याचे धागे सरळ आणि सारख्या ताणात असतात तोवर माग चालतो. तुटलेला धागा नीट न सांधता तसाच गुंडाळून माग चालू ठेवला की गाठी पडतात, त्या गाठी शेजारचे धागे ओढतात. जुन्या टेनिस एल्बोत कंडऱ्याचं नेमकं हेच झालेलं असतं. तंतू विस्कटलेले, मधेमधे बारीक फाटे, भलत्या ठिकाणी बारीक रक्तवाहिन्या उगवलेल्या. या दुखण्याचं डॉक्टरी नाव 'एपिकाँडिलायटिस', म्हणजे सुजेचं, पण जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते. दुरुस्ती अर्धवट सोडलेली असते. म्हणून सुजेच्या गोळ्या तेवढ्यापुरत्या चालतात आणि गोळी संपली की कळ परत दारात उभी.

काही गोष्टी टेनिस एल्बोसारख्या दिसतात. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, मान वळवल्यावर हातात चमक जात असेल, तर मूळ मानेत असू शकतं. दुखणं हाडाच्या टोकावर नसून तीन-चार बोटं खाली, मांसात, आणि रात्री ठणकतं, तर तिथून जाणारी नस दबलेली असू शकते. दुखणं कोपराच्या आतल्या अंगाला असेल तर तो गोल्फर्स एल्बो, त्याचा हिशेब वेगळा. पडल्यानंतर सुरू झालं, सांधा अडकतो, कोपर गरम होऊन सुजलंय, ताप आहे, तर व्यायाम-सुई सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर आणि एक्स-रे.

सुईच्या आधीचे महिने

इथं माझं मत ठाम आहे. टेनिस एल्बो झालेल्या दहा जणांत आठ-नऊ जणांचं दुखणं वर्षभरात आपोआप किंवा साध्या उपायांनी उतरतं. सुई उरलेल्या एक-दोघांसाठी. पंधरा दिवस दुखलं म्हणून सुई घेणारा माणूस, जे तसंही बरं होणार होतं त्याचे पैसे आणि वेदना अंगावर घेतो.

"व्यायाम केला, काही फरक नाही" हे वाक्य मी रोज ऐकते. खोदून विचारलं की कळतं, रबराचा चेंडू दाबला. चेंडू दाबताना बोटं मिटणारे स्नायू काम करतात, आणि तेवढ्यात मनगट स्थिर धरायला आधीच दुखावलेले स्नायू ताणले जातात. दुखणं वाढतं, माणूस व्यायामाला नावं ठेवतो. नीट व्यायाम म्हणजे मनगट मागं धरणाऱ्या स्नायूंना हळूहळू वाढता भार, आठवड्यातले बहुतेक दिवस, निदान तीन महिने. तो कसा करायचा ते पुढं येतं, कारण सुईनंतरही तोच करायचा असतो.

सोबत काम बदला, बंद करू नका. पान्याच्या दांड्याला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून मूठ जाड करा, पकड सैल ठेवून चालते. वजन शक्यतो तळहात वर करून उचला. एकाच हातानं धार काढत असाल तर हात आलटून-पालटून वापरा. कोपराचा पट्टा घेतलात तर तो दुखऱ्या टोकावर नाही, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, मांसावर बांधायचा, फक्त कामाच्या वेळी. झोपताना काढा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास १६५ रुग्णांवरचा होता. स्टेरॉइड घेतलेल्यांना पहिल्या महिन्यात झकास आराम पडला. पण वर्षभरात त्यांच्यातल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं. खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. तरी आपल्याकडं "एक सुई मारा डॉक्टर, उद्या कारखान्यात जायचंय" हा आग्रह रुग्णाचाच असतो. एखाद्यानं एकदा घेतलं तर आकाश कोसळत नाही, पण वर्षात तीन-तीन घेतलेली कोपरं मी पाहिली आहेत. त्यांचा कंडरा सोनोग्राफीत बघवत नाही.

सुया चार, नाव एकच

लोक सगळ्याला 'सुई' म्हणतात, तिथंच फसगत होते. स्टेरॉइडची सुई ही औषधाची. ड्राय नीडलिंग म्हणजे केसासारख्या बारीक सुया स्नायूच्या गाठींत घालणं. ते बरेच फिजिओ करतात, त्यात कंडऱ्याला हात लागत नाही. तिसरी, या लेखाचा विषय असलेली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत कंडऱ्याच्या खराब भागात घातलेली जाड सुई. तिला नीडल टेनोटॉमी किंवा फेनेस्ट्रेशन म्हणतात. त्या भागाला वीस-तीसदा टोचतात. चौथी पीआरपी: तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवतात, त्यातला प्लेटलेटचा दाट भाग त्याच जागी सोडतात, बऱ्याचदा टोचता-टोचताच.

तिसऱ्या सुईत औषध काहीच नसतं, हे ऐकून लोक नाराज होतात. "मग बरं कशानं होणार?" जखमेनं. अर्धवट सोडलेली जुनी जखम शरीर विसरून गेलेलं असतं. तिथं ताजी, छोटी, नेमकी जखम केली की रक्त येतं, दुरुस्तीची माणसं पुन्हा कामावर येतात. सुई एवढंच करते. ते नवे तंतू सरळ रेषेत विणले जातात की परत गुंता होतो, हे पुढच्या तीन महिन्यांत हातावर किती आणि कसा भार पडतो त्यावर ठरतं.

पुरावा किती? २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२ रुग्णांना स्टेरॉइड न देता अशी सुई दिली, आणि दहातल्या नऊंहून जास्त जणांनी निकाल चांगला किंवा उत्तम सांगितला. पण तुलनेसाठी सुई न घेतलेला गट त्यात नव्हता, आणि हे दुखणं वेळेनंही उतरतं हे वर लिहिलंच आहे. तेव्हा आशा धरण्याजोगा उपाय आहे, हमखास नाही. पीआरपीबद्दल कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानं बरेच अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की खोट्या इंजेक्शनपेक्षा पीआरपीचा रुग्णाला जाणवेल असा फायदा बहुधा नाही. म्हणून पीआरपीचं पॅकेज आधी समोर आलं तर मी विचारायला सांगते: "नुसती सुई देता काय? रक्ताचे जादा पैसे कशासाठी?" नीट उत्तर मिळालं तर विचार करा.

तारीख कामाच्या हिशेबानं धरा

हा भाग कुठल्या माहितीपत्रकात मी पाहिला नाही, आणि माझ्या रुग्णांचे निकाल सगळ्यात जास्त इथंच बिघडले.

सुईनंतर दोन आठवडे हात जवळजवळ रिकामा, सहा आठवडे हलकं काम, जड काम आठ ते बारा आठवड्यांनी. आता कॅलेंडर घ्या. खानापूर-जांबोटीकडं रोप लावणीच्या तोंडावर मे महिन्यात सुई घेणं म्हणजे पैसे मलप्रभेत टाकणं. चिकोडी-अथणीकडं ऊसतोड सुरू व्हायच्या आधी तीन महिने हातात हवेत. मागवाल्यांनी दिवाळी आणि लग्नसराईच्या मागणीचे महिने सोडावेत. घरातल्या बाईसाठी श्रावण-गणपती नको. पुरणपोळ्या, पाहुणे, पितळेची भांडी, आणि "तू बस गं" म्हणणारं कुणी नसतं.

उद्यमबागेतले बरेच कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असतात. त्यांना आजारपणाच्या रजेत, वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. ९१ दिवस म्हणजे नेमके आपले तीन महिने! सुईच्या आधी ईएसआय दवाखान्यात जाऊन कुठले दाखले लागतात ते विचारून घ्या. नंतर धावपळ केली की दाखल्याची तारीख जुळत नाही.

कुठं, कोण, आणि काय विचारायचं

ही सुई ऑर्थोपेडिक सर्जन, रेडिओलॉजिस्ट किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर देतात. पदवीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोपराची सोनोग्राफी त्यांच्या हातात बसलेली आहे का. बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आणि सरकारी जिल्हा रुग्णालय, म्हणजे बीम्स, दोन्ही शिक्षणाची मोठी रुग्णालयं आहेत, चौकशीची सुरुवात तिथल्या ऑर्थोपेडिक ओपीडीतून करता येते. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर आणि अथणीच्या माणसाला मिरज बेळगावपेक्षा सोयीचं पडतं. लोक तसेही तिकडंच जातात. मात्र नंतर दर आठवड्याला फिजिओकडं जायचं आहे, तो घराजवळचा धरा.

'सोनोग्राफी' म्हटलं की आमच्याकडचे मामालोक बिचकतात. "मला कशाला सोनोग्राफी, मी काय गरोदर आहे?" यंत्र तेच, फक्त कातडीवर फिरवायचा दांडा, म्हणजे प्रोब, सपाट तोंडाचा आणि जास्त फ्रीक्वेन्सीचा लावतात. हाडाच्या टोकापासचा कंडरा जाड झालाय का, काळपट दिसतो का, फाटा किती, चुन्याचे कण आहेत का, डॉपलर लावल्यावर नको तिथं रक्त वाहताना दिसतं का, हे सगळं त्यात कळतं. आपल्या देशात १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळं हे यंत्र नोंदणी झालेल्या ठिकाणीच ठेवावं लागतं, मग ते कोपरासाठी का असेना. म्हणून "डॉक्टर रविवारी पिशवीत मशीन घालून गावात येतात" असं कुणी सांगितलं तर तिकडं जाऊ नका.

विचारायचं ते हे. सुई आत जाताना पडद्यावर दिसते का, की आधी बघून मग अंदाजानं घालता? माझा एक रुग्ण, लेथवाला, एका ठिकाणी 'सोनोग्राफीची सुई' घेऊन आला. बिलात सोनोग्राफी होती, पण त्याच्या सांगण्यावरून प्रोब आधी फिरवून बाजूला ठेवला आणि सुई बोटानं चाचपून घातली. नंतर दुसरीकडं बघितलं तर खराब भाग जिथं होता तिथं काही झाल्याच्या खुणा नव्हत्या. खराब जागा कधीकधी तांदळाच्या दाण्याएवढी असते, आणि जवळच सांधा धरून ठेवणारा बंध आहे, थोडं खाली बोटं उचलणारी नस आहे. पडद्यावर सुईचं टोक दिसणं हाच या उपचाराचा जीव.

दुसरा प्रश्न: आत काय सोडणार? स्टेरॉइड तर नाही ना? तिसरा: माझ्या कंडऱ्याचा किती भाग फाटलाय? फार मोठा फाटा असेल तर सुई योग्य नसते. चौथा: नंतरचा व्यायाम कोण शिकवणार?

संमतीपत्र बहुधा इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी "मराठीत समजावून सांगा" म्हणायला लाजू नका. बेळगावात मराठी येणारी नर्स मिळतेच. काय करणार, कुठल्या हातावर, काय धोका, हे तीन तरी तोंडी कळलं पाहिजे.

आदले पंधरा दिवस

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या सुजेच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधीपासून बंद ठेवायला सांगतात, पीआरपी असेल तर त्याहून जास्त दिवस. कारण आपल्याला ती दुरुस्तीची प्रक्रिया हवी आहे, आणि या गोळ्या तीच दाबतात. मेडिकलमधून 'अंगदुखीची' म्हणून घेतलेल्या गोळीत बहुधा यातलंच काही असतं. पाकीट डॉक्टरांना दाखवा.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसानं कोपरासाठी गोळी सोडणं म्हणजे सुईसाठी जीव पणाला लावणं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. साखर वाढलेली असेल तर आधी ताब्यात आणा. जखम भरणंही लांबतं आणि जंतू धरायची भीतीही वाढते. कोपरावर गळू, खरूज, ओरखडे असतील तर तारीख पुढं ढकला. भूल जागेपुरतीच असते, म्हणून उपाशी राहायला सांगितलं नसेल तर नाश्ता करून जा. रिकाम्या पोटी सुई बघून चक्कर येणारे पहिलवान मी पाहिले आहेत. सैल बाह्यांचा शर्ट किंवा ब्लाउज घाला, आणि परतीला गाडी चालवायला कुणाला तरी न्या.

टेबलावर

तुम्हाला पाठीवर झोपवतात किंवा बसवतात. कोपर वाकवून हात उशीवर, तळहात खाली. आयोडीन किंवा तत्सम औषधानं कातडी पुसतात, प्रोबवर निर्जंतुक आवरण, थंडगार जेल. आधी बारीक सुईनं भूल. ती जाताना झणझणतं, विंचवाचं लहान पोर चावल्यासारखं, दहा-पंधरा सेकंद. नंतर बधिर.

मग जाड सुई, बहुधा १८ ते २२ गेजची. गेजचा आकडा लहान तितकी सुई जाड, हे उलटं गणित लक्षात ठेवा. डॉक्टर ती मनगटाच्या बाजूनं कोपराकडं, तंतूंच्या दिशेनं सारतात आणि खराब भागात मागं-पुढं करतात. कातडीला भोक एक किंवा दोन, आतल्या फेऱ्या वीस-तीस. चुन्याचा खडा असेल तर फोडतात, हाडाचा पृष्ठभागही थोडा खरवडतात. सुरुवातीला वाळूत काठी खुपसल्यासारखं 'कर्रर्र' जाणवतं, आवाज नव्हे, स्पर्श. तो भाग नरम पडला की ते थांबतात. मला दुखलं नाही, पण दबाव आणि ती कर्रकर्र स्पष्ट कळत होती, आणि पडद्याकडं बघू नये असं सगळे सांगत असूनही मी बघितलं. सगळं मिळून दहा-वीस मिनिटं. दाबून धरतात, पट्टी लावतात, अर्धा तास बसवतात, घरी.

भुलीचं औषध शेजारच्या नसेला लागलं तर काही तास मनगट किंवा बोटं उचलत नाहीत. घाबरायचं नाही, पण त्या हातात गरम चहाचा कप धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोटं उचलत नसतील तर लगेच फोन करा.

पहिला आठवडा

पहिल्या रात्री भूल उतरल्यावर ठणका लागतो, आणि दोन-तीन दिवस दुखणं आधीपेक्षा जास्त असतं. हे मी ठळक सांगते, कारण चौथ्याच दिवशी "डॉक्टरनं बिघडवलं" म्हणत आलेले लोक असतात. पॅरासिटामॉल चालतं, ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन वेळांत निदान सहा तासांचं अंतर, दिवसात ३ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर आधी विचारा. सुजेची गोळी नको. बर्फाबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच करा.

पट्टी एक-दोन दिवस कोरडी. पावसाळ्यात शर्टाच्या बाहीतून पाणी ओघळतं, तिकडं लक्ष ठेवा. घरच्या वडीलधाऱ्यांचा हळद-चुन्याचा लेप आणि नाटी (गावठी) औषधवाल्याची मालिश, दोन्ही नम्रपणे नाकारा. भोक बुजेपर्यंत कातडीवर काही नको, आणि आतल्या ताज्या जखमेवर चोळणं तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवसापासून कोपर दुखेल तिथपर्यंत वाकवा, सरळ करा, तळहात वर-खाली फिरवा, दिवसातून चार-पाचदा, दहा-दहा वेळा. गळ्यात झोळी घालून हात आठवडाभर तसाच ठेवला तर कोपर आखडतं. जेवण, लिहिणं, मोबाइल चालेल. पाण्याची घागर, कुकर, लहान मूल उचलणं, पिळणं, हातपंप नाही.

ताप आला, लाली पसरत चालली, पू दिसला, किंवा तीन-चार दिवसांनी दुखणं उतरण्याऐवजी चढत गेलं, तर सकाळची वाट बघू नका.

दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात: खरा उपचार

साधारण दहाव्या दिवसापासून दुखणं उतरतं आणि माणूस फसतो. मीही फसले. बाराव्या दिवशी हात हलका वाटला म्हणून रिकामं होऊन आलेलं गॅस सिलिंडर एका हातानं बाजूला सारलं. रिकामंच होतं! रात्री कोपर पेटलं, आणि तीन आठवडे मागं गेले. रुग्णांना रोज हेच बजावणारी मी, त्यामुळं नवऱ्यानं काही न बोलता नुसतं बघितलं ते जास्त लागलं.

दुसऱ्या आठवड्यापासून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, न हलवता जोर लावायचा व्यायाम. हाताचा पुढचा भाग टेबलावर, तळहात खाली, मनगट सरळ. दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवून खाली दाबा, खालच्या हातानं वर ढकला, पण हालचाल होऊ देऊ नका. निम्म्या ताकदीनं सुरुवात, ३० ते ४५ सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, असं चार-पाचदा.

चौथ्या आठवड्याच्या आसपास वजन. अर्धा लिटरची भरलेली पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो, वेगळं डंबेल घ्यायची गरज नाही. हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळहात खाली, बाटली मुठीत. दुसऱ्या हातानं बाटली वर उचलून द्या, आणि एकट्या दुखऱ्या हातानं ती चार मोजेपर्यंत सावकाश खाली सोडा. परत वर न्यायला दुसरा हात. खाली सोडतानाचा संथ भारच तंतूंना सरळ विणतो. १० ते १५ वेळा, असे तीन फेरे. दोन आठवडे निवांत जमलं की एक लिटरची बाटली, मग दोन्ही दिशांना स्वतःच्या जोरावर. शेवटी टॉवेलची गुंडाळी करून हळूहळू पिळणं आणि सोडणं.

दुखण्याची मोजपट्टी अशी: शून्य ते दहात तीन-चारपर्यंत कळ चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मूळ जागी आलेली हवी. नसेल तर वजन निम्मं करा, व्यायाम थांबवू नका. खांद्याचा आणि पाठीच्या पंख्याचा व्यायामही घ्या. खांदा दुबळा असला की त्याचं काम कोपर ओढतं.

सहाव्या आठवड्यानंतर कामाचा सराव. मागवाल्यांनी आधी एक माग, मग दोन. गवंड्यानं थापी धरावी, पण पाटी दुसऱ्यानं उचलावी. म्हैस एक, तीही पान्हा नीट सोडणारी. कोयता आणि घण सगळ्यात शेवटी, बाराव्या आठवड्याच्या पुढं.

पैशाचं

दर गावागणिक आणि डॉक्टरागणिक बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही; पण विचारताना तुकडे पाडून विचारा: तपासणी, सोनोग्राफी, सुई, पीआरपी असेल तर तिचा वेगळा, आणि फिजिओच्या बैठका किती. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक असो, की महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना असो, या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ही सुई ओपीडीत होते. योजनेच्या काउंटरवर आधी विचारा, कार्ड खिशात आहे म्हणून धरून चालू नका.

तीन महिन्यांनंतर

निकाल तीन महिन्यांनी बघायचा, त्याआधी नाही. पुढंही सहा महिन्यांपर्यंत सुधारणा होत राहते. निम्म्याहून जास्त दुखणं उतरलं असेल तर तोच व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू ठेवा. काहीच फरक नसेल तर पुन्हा सोनोग्राफी करा, आणि मुख्य म्हणजे मान आणि नस पुन्हा तपासून घ्या. "सुई लागू पडली नाही" म्हणून आलेल्या काहींचं दुखणं मुळात कोपराचं नव्हतंच. जागा बरोबर असेल तर दुसरी सुई देता येते, तीन महिन्यांच्या अंतरानं. त्यानंतर शस्त्रक्रियेचा विचार. सचिन तेंडुलकरच्या कोपरानं २००४ साली सगळ्या देशाला टेनिस एल्बो हा शब्द शिकवला, आणि २००५ च्या मे महिन्यात लंडनला त्याची शस्त्रक्रिया झाली, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याला रोज शेकडो चेंडू जड बॅटनं मारायचे होते. आपल्याकडं शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे फार थोडे. त्या खोलीत शिरण्याआधी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांची मतं घ्या, आणि दोघांनाही सुईच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही सोनोग्राफींचे फोटो दाखवा. म्हणून ते फोटो पहिल्या दिवसापासून फाइलला लावून ठेवायचे.